परवानगीशिवाय प्रार्थना नाही

२ फेब्रुवारी, रविवार. इंदापूर.

नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की, देवाकडून मिळालेल्या उत्तरांची रोज नोंद ठेवा. माझा जानेवारी कोरा गेला. उत्तरं यायला वेळ लागणार असं दिसतंय. तोवर चर्चच्या मंडळीची नोंद ठेवतो, तिथं घडामोडींना तोटा नाही.

आजचंच बघा. मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायच्या, प्रार्थनेची वेळ आली. पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाच्या काही विनंत्या?" प्रयागबाई पाटोळे उठल्या. प्रयागबाई उठल्या की पुढच्या बाकांवरचे लोक वळून बसतात, म्हणजे एकही शब्द वाया जात नाही. "मंडळीतला आपला भाऊ दीपक ह्याच्यासाठी मागायचं हाय. तिसऱ्या पोरीनं बी नकार दिला. त्याच्या पिण्याचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं म्हनं. ते खोटं ठरावं म्हणून समद्यांनी प्रार्थना करू या." दीपक त्याच वेळी दानाची थैली फिरवत होता. आणि चौथी मुलगी, म्हणजे जिनं अजून नकार दिला नव्हता ती, मावशीसोबत पाहुणी म्हणून बायकांच्या बाजूला बसली होती. आता तिचंही काम सोपं झालं.

आमच्या मंडळीत कुणी कुणाची निंदा करत नाही. निंदा पाप आहे. आम्ही प्रार्थना करतो. कुणाची सून रुसून गेली, कुणाच्या पोराला फिट येते, कुणाची जमीन भावानं लाटली, सगळं देवाच्या कानावर घालतो. देव वर असल्यामुळं आवाज जरा मोठा ठेवावा लागतो, एवढंच.

उपासनेनंतर अंगणात दीपक आणि प्रयागबाईंचे यजमान यांच्यात जे झालं त्याला बंधुभावाची संगती म्हणता येणार नाही. संध्याकाळी पंच कमिटी बसली. मी सेक्रेटरी. उभा जन्म साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या लावण्यात गेला, त्यामुळं नियम लावला की माणूस सुधारतो यावर माझा शास्त्रवचनाइतकाच विश्वास आहे. मी ठराव मांडला: विनंती आधी सेक्रेटरीला सांगायची. ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव हवं. त्याची परवानगी हवी. नाव नाही, परवानगी नाही, तर प्रार्थना नाही. ठराव एकमतानं पास झाला, कारण चहा थंड होत होता.

माझी विजयमाला असती तर म्हणाली असती, "मग बायकांनी बोलायचं कुठं?" ती महिला मंडळाची अध्यक्ष होती. तालुक्यातली प्रत्येक बातमी आधी आमच्या स्वयंपाकघरात यायची आणि मग जगात जायची. ती गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात फक्त मी असतो.

९ फेब्रुवारी, रविवार.

नियमाचा पहिला दिवस. चर्चच्या दारात खुर्ची टाकून बसलो. काही जणांना वाटलं चपला सांभाळायला बसलोय.

एकानं बोअरला पाणी लागावं म्हणून विनंती आणली. बोअरच्या परवानगीचा प्रश्न नव्हता, मंजूर केली. मग प्रयागबाई. जाऊबाईंना सद्बुद्धी मिळावी म्हणून. मी विचारलं, "जाऊबाईंची परवानगी?"

"सद्बुद्धी आसती तर दिली नसती का तिनं?"

युक्तिवाद बिनतोड होता. तरी नामंजूर.

शेवटी कुशाबाई आली. कुशाबाई वरकुट्याची. ऐंशीच्या घरातली, पण दर रविवारी वडापच्या जीपमध्ये लोंबकळत येते आणि माझ्याआधी पोचते. विजयमालाची जिवाभावाची मैत्रीण. खुर्चीपाशी उभी राहिली आणि पदराचं टोक पिळायला लागली.

"सलाम शांतवनराव. एका लेकीसाठी मागायचं हाय."

"कुणाच्या लेकीसाठी?"

"ते न्हाय सांगायचं."

"मग तिची परवानगी?"

"ती न्हाय देनार."

"कुशाबाई, नाव नाही, परवानगी नाही. काय मंजूर करू?"

तिनं पदर सोडला. म्हणाली, "तुमी लई हुशार," आणि आत गेली. नियमाचं महत्त्व अडाणी माणसालाही पटतं ते असं. विनंत्या नेहमीपेक्षा लवकर आटोपल्या. पाळकसाहेबांनी मिळालेला वेळ प्रवचनात घातला, त्याला माझा इलाज नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

रिबेकाचा फोन आला. रिबेका माझी एकुलती लेक. बारामतीला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. लग्नाला दोन वर्षं झाली. तिला अवचित्यांच्या जोएलला दिली. अवचिते म्हणजे वजनदार घर. सासरा एलिशाराव त्यांच्या मंडळीचा पंच, जोएल तरुण संघाचा पुढारी, घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना, तीही गुडघे टेकून. हे स्थळ मीच आणलं. विचारल्याशिवाय सांगत नाही, पण लोक विचारतील अशा बेतानं बोलतो.

"अण्णा, चार दिवस येऊ का तिकडं?"

"ये की. पण जावईबापूंना घेऊन ये. एकटी आलीस तर आमची अख्खी मंडळी तुझ्यासाठी गुडघ्यावर येईल."

ती हसली. जरा थांबून हसली, पण तिकडं रेंजच तशी. मग म्हणाली, बघते, ड्युट्या फार लागतात. मागून कुणीतरी बाई म्हणाल्या, "बेटा, गरम हाय तवर खाऊन घे." अवचित्यांनी स्वयंपाकाला बाई ठेवलेली दिसते. पोरीनं नशीब काढलं.

विनोद मात्र मला आवडला. रविवारी दोघातिघांना सांगेन म्हणतो.

२३ फेब्रुवारी, रविवार.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, सात उद्गारांचं वाटप करायला कमिटी बसली. वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते, दुपारचे तीन तास. दरवर्षी पहिला आणि शेवटचा उद्गार सगळ्यांना हवा असतो. तहानेचा कुणालाच नको, कारण त्यावर बोलताना खरंच तहान लागते आणि पाणी प्यायलं तर बरं दिसत नाही. मी सुचवलं, पहिला उद्गार, क्षमेचा, आमच्या व्याह्यांना द्यावा. बारामतीहून खास पाहुणे म्हणून. सगळे लगेच हो म्हणाले आणि जमिनीकडं बघायला लागले. या कमिटीत सतरंजी कोणत्या बाजूला घालायची यावर मतदान होतं. एवढी एकी मी प्रथमच पाहिली. व्याह्यांचा दराराच तसा आहे.

विनोद सांगितला. कुणी हसलं नाही. लेंट, म्हणजे उपवासकाळ, जवळ आला की लोक उगाच गंभीर होतात.

कुशाबाई पुन्हा खुर्चीपाशी. "त्या लेकीला तिच्या मानसांत जागा मिळू दे, येवढंच मागायचं हाय." पुन्हा नाव नाही. पुन्हा नामंजूर. जाताना पदरातून चार अंडी काढून माझ्या हातात दिली. ही लाच समजावी काय, याचा नियमात उल्लेख नाही. अंडी उकडून खाल्ली.

एक गोष्ट लक्षात येतेय. लोक माझ्याशी अलीकडं फार हळू बोलतात. प्रयागबाईसुद्धा. हातावर हात ठेवून म्हणाल्या, "जेवता का नीट?" सेक्रेटरीला थोडे अधिकार दिले की मान वाढतो तो असा.

७ मार्च, शुक्रवार.

रिबेकाचा फोन तीनदा लावला, उचलला नाही. म्हणून जोएलला लावला. "प्रेज द लॉर्ड पप्पा!" आवाज कसा खणखणीत. म्हणालो, रिबेका कुठं आहे? म्हणाला, ड्युटीवर. बरी आहे ना? म्हणाला, "पप्पा, आम्ही तिच्यासाठी रोज प्रार्थनेत आहोत." मग एलिशारावांनी फोन घेतला आणि फोनवरच प्रार्थना सुरू केली. लांबलचक. घराची शांती, स्त्रीची नम्रता, आज्ञाधारकपणा, जिभेवर पहारा. भाषा काय, ओघ काय! डोळे मिटून ऐकत उभा राहिलो, तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं.

फोन ठेवल्यावर ध्यानात आलं की बरी आहे का, याचं उत्तर मिळालंच नाही. मोठ्या लोकांच्या घरी साध्या प्रश्नाला साधं उत्तर देण्याची पद्धत नसावी.

मन जरा खुट्ट झालं. संध्याकाळी रिबेकाचा मेसेज आला: "नाईट चालू आहे, मी ठीक आहे, गोळ्या घेताय ना?" म्हणजे ठीक आहे.

१६ मार्च, रविवार.

कुशाबाईशी आज वाजलं. तिसऱ्यांदा तीच लेक, तीच विनंती, नावाचा पत्ता नाही. मागं रांग लागलेली. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "बाई, नियम सगळ्यांना सारखा. तुम्हाला एवढंच वाटतंय तर घरी मागा. देवाला वरकुट्याहूनही ऐकू जातं."

"देवाला जातं वो," ती म्हणाली. "मानसाला न्हाय जात."

आणि रडायला लागली. सगळे बघायला लागले. प्रयागबाई तिला धरून आत घेऊन गेल्या, आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मीच कुणाची तरी पोरगी घराबाहेर काढली.

हट्टीपणाचा नमुना म्हणून तिचं वाक्य इथं जसंच्या तसं लिहून ठेवलंय. कमिटीपुढं ठेवता येईल.

२७ मार्च, गुरुवार.

निमगाव केतकीला गेलो होतो, लसूण आणि झाडू आणायला. तिथं फकीरभाई भेटले. फकीरभाई बारामतीचे, इथल्या बाजारात ताडपत्र्या विकतात. आमच्या नाताळच्या मांडवाची ताडपत्री त्यांच्याकडचीच. त्यांची लेक मेहजबीन रिबेकाबरोबरच नर्स आहे. रोजे चालू आहेत, ओठ सुकलेले, तरी मला बघून दुकानाबाहेर आले.

"साहेब, पोरीला भेटाया कवा येताय? आमची घरवाली सुरैय्या रोज इचारती."

"कुठल्या पोरीला?"

"रिबेकाला. दुसऱ्या कुठल्या?" ते हसले. मग माझं तोंड बघून थांबले. "आमच्याकडंच हाय की ती. दोन महिनं व्हत आलं. सासरच्यांनी बॅग भायेर ठिवली, तवापासनं. आमाला वाटलं, तुमी इचार करूनच आमच्याकडं ठिवलीया. जानारं येनारं समदं तुमच्या मंडळीचं मानूस भेटून जातं तिला. तुमाला ठावं न्हाय?"

मी म्हणालो, आहे ना, ठाऊक आहे, उद्याच येणार होतो. झाडू तिथंच विसरलो. एसटीत मला बसायला जागा मिळाली होती, तरी इंदापूरपर्यंत उभाच आलो.

२८ मार्च, शुक्रवार.

बारामती. फकीरभाईंचं घर, वर पत्रा, आत दोन खोल्या. घरात कुणाच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, पण सुरैय्याबाईंनी मला चहा केला आणि पुढं बसून प्यायला लावला. "तुमाला कुठं रोजा हाय? घ्या." त्यांच्या आवाजानं ओळखलं. "गरम हाय तवर खाऊन घे" तो हाच आवाज. मी त्यांना स्वयंपाकाची बाई ठरवून मोकळा झालो होतो.

रिबेका ड्युटीवरून आली. वाळलीय. मला बघून दारात थबकली, मग चपला काढून समोर बसली. मी विचारलं, त्यानं हात उचलला का?

"नाही अण्णा. हात जोडले."

मग सांगितलं. रोज संध्याकाळी प्रार्थना. सगळे गुडघ्यावर, डोळे मिटून. आणि सासरा देवाला सांगायचा. देवा, या मुलीला नम्रता दे. हिच्या हाताला चव दे. हिची कूस उघड. हिला आई नाही, बापानं वळण लावलं नाही, ते तू लाव. पाठोपाठ जोएल. पाठोपाठ सासू. रोज एक नवीन दोष. "भांडण असतं तर उलटून बोलले असते. प्रार्थनेत कसं बोलायचं? आणि शेवटी आमेन मलाही म्हणावं लागायचं. दोन वर्षं मी माझ्याच नावानं आमेन म्हणाले, अण्णा."

जानेवारीत एक दिवस तिनं मध्येच डोळे उघडले आणि म्हणाली, "देवा, हे खोटं आहे." एवढंच. पश्चात्ताप होईपर्यंत घरात पाय ठेवू नकोस म्हणाले. जोएलनं बॅग भरून दिली. घडी नीट घातली होती म्हणे.

"माझ्याकडं का नाही आलीस?"

म्हणालो आणि तो फोन आठवला. तिनं विचारलं होतं. मी विनोद केला होता.

म्हणालो, आता चल. मंडळी तुला काही म्हणणार नाही, सगळे तुझ्यासाठी प्रार्थनाच करतील.

"तेच नको," ती म्हणाली. "तुम्ही परवानगी मागितली तर माझी नाही. लिहून घ्या."

मला फार वाईट वाटलं. इतकं की सुरैय्याबाईंसमोर रडलो. त्या उठून आत गेल्या आणि भांडी उगाच आपटत राहिल्या, माझं रडणं मला ऐकू जाऊ नये म्हणून की त्यांना, कोण जाणे.

६ एप्रिल, रविवार.

कुशाबाईला गाठलं. तुम्हाला माहीत होतं?

"व्हय."

आणखी कुणाला?

"समद्यास्नी. तुमी सोडून."

मग मला का नाही सांगितलं?

"तिनं वचन घेतलं व्हतं. अण्णाला सांगायचं न्हाय म्हनली. देवाला सांगू नगं, असं न्हवती म्हनली. म्हनलं, भर चर्चात देवाला सांगते, बाप तितंच बसतो, कानावर जाईल." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमी खुर्ची टाकून दारात बसलासा."

म्हणजे या मंडळीत वाईट बातमी पोचवण्याचा एकच रस्ता होता आणि मी तो एकमतानं बंद केला.

उत्तम शुक्रवारच्या पत्रिका छापून आल्यात. पहिला उद्गार, क्षमा: माननीय एलिशाराव अवचिते. पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही म्हणाल तर त्यांना नको म्हणून कळवू." मी म्हणालो, "छापलंय, औचित्याला धरून होणार नाही." औचित्य वगैरे काही नाही. फोन करायची हिंमत नव्हती, म्हणून औचित्य.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार.

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

चर्च गच्च भरलेलं. एलिशाराव पांढऱ्या सफारीत. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "शांतवनराव, धीर धरा." मी त्यांना पाणी दिलं. सेक्रेटरीचं कामच ते.

क्षमेवर बोलले. चांगलं बोलले, हे लिहायला जड जातंय पण बोलले. बायका डोळे पुसत होत्या. मग म्हणाले, आपण डोके लववू या. सगळी डोकी खाली गेली. माझंही.

"हे प्रभू, आज तुझ्यापुढं आमच्या घरची एक लेक आणतो, जी गर्वानं आपलं घर सोडून..."

"एक मिनिट, अवचितेसाहेब."

कोण उभं राहिलं म्हणून मी आजूबाजूला बघितलं. मीच उभा होतो.

"आमच्याकडं विनंती आधी सेक्रेटरीला सांगावी लागते," मी म्हणालो. "नाव काय?"

त्यांनी डोळे उघडले. "शांतवनराव, मी प्रार्थनेत आहे."

"तेच म्हणतोय. जिच्यासाठी करताय तिची परवानगी घेतलीय?"

"सुनेसाठी प्रार्थना करायला परवानगी?"

"आमच्यात जाऊबाईसाठी सुदीक लागती," प्रयागबाई मागून म्हणाल्या.

कुणीतरी खोकलं. दीपक असावा. एलिशाराव पाळकसाहेबांकडं बघायला लागले. आमचे पाळकसाहेब, ज्यांनी आजवर कुणाविषयी वावगा शब्द काढला नाही, म्हणजे योग्य शब्दही काढला नाही, ते चष्मा पुसत म्हणाले, "नियम आहे साहेब. कमिटीचा."

"परवानगी नाही," मी म्हणालो. "मी विचारलंय तिला. ती नाही म्हणालीय. तिनं घर सोडलं नाही. तुम्ही बॅग बाहेर ठेवली. दोन वर्षं तुम्ही देवाला पुढं करून माझ्या पोरीला बोललात. हितून पुढं काय बोलायचं ते डोळे उघडे ठेवून मला बोला."

मी 'हितून' म्हणालो. रागावलो की आजोळची बोली तोंडात येते.

एलिशारावांनी पुस्तक मिटलं आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले. पाळकसाहेबांनी घाईत गीत सांगितलं ते नाताळचं निघालं. दोन ओळी म्हणून झाल्यावर लोकांच्या ध्यानात आलं. मग दुसरा उद्गार झाला, मग तिसरा. काय बोलले, विचारू नका. मी हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो.

संध्याकाळी जोएलचा फोन. पप्पांचा अपमान वगैरे. मी विचारलं, "माझ्या रिबेकाचं सामान कधी न्यायला येऊ?" त्यानं फोन ठेवला. मंडळीत दोन पिकअप आहेत, बघून घेऊ.

२६ एप्रिल, शनिवार.

रिबेका आली. दुपारच्या एसटीनं, एकटी, खांद्यावर बॅग, हातात सुरैय्याबाईंनी दिलेला डबा. प्रयागबाईंनी त्या दिवशी मोबाईलवर सगळं शूटिंग केलं होतं आणि तिला पाठवलं होतं. उत्तम शुक्रवारी, चालू उपासनेत, वधस्तंभासमोर शूटिंग. यावर मी कमिटीत बोलणारच होतो. आता बोलणार नाही.

म्हणाली, "चार दिवस राहते. मग बघू. कुणी विचारलं तर काय सांगाल?"

जिभेवर एक विनोद आला होता. चांगला होता. गिळला आणि म्हणालो, "तू सांगशील ते."

मला फार आनंद झालाय. तो नोंदवायला दुसरी भाषा सुचत नाही.

२७ एप्रिल, रविवार.

पुनरुत्थानाचा सण होऊन आठवडाच झाला आणि निम्मी मंडळी परत झोपी गेली. उरलेली निम्मी मात्र आज वेळेवर हजर. त्याचं कारण बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसलं होतं, माझ्याबरोबर आलं होतं पण माझ्याकडं बघत नव्हतं.

मी दारात खुर्ची टाकली नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाच्या काही विनंत्या? कुणी हललं नाही. इतकी शांतता आमच्या चर्चमध्ये प्रवचनालाही नसते. सगळ्यांच्या जिभेवर एकच नाव होतं आणि सगळ्यांनी ते दातांमागं धरून ठेवलं होतं. या लोकांना त्याचे केवढे कष्ट पडत असतील हे मीच जाणतो. रिबेका डोळे उघडे ठेवून समोर बघत होती.

कुशाबाई उठली.

पाळकसाहेब घाबरले. "कुशाबाई, परवानगी..."

"जिची तुमास्नी धास्ती हाय तिच्यासाठी न्हाय मागायचं," ती म्हणाली. "दुसऱ्यासाठी हाय. त्याची परवानगी न्हाय घेतली. घ्यायची बी न्हाय."

आणि डोळे मिटून सुरू केलं.

"देवा, ह्यो आमचा शांतवन. मानूस वाईट न्हाय, पर जीभ लई वाईट हाय. लोकास्नी हसवतो आन् आपलं दार लावून घेतो. कुनी काय सांगाया गेलं तर आधी इनोद करतो, मग सांगनारं मानूस तसंच माघारी जातं. विजयमाला व्हती तवर तिच्या कानानं ऐकत व्हता. आता त्याला कानच न्हायती. कालवणात मीठ हाय का न्हाय त्ये बी त्याला कळत न्हाय. त्याची लेक त्याच्यापाशी ऱ्हाऊ दे, न्हायतर तिच्या मनाला येईल तितं ऱ्हाऊ दे, त्यो तिचा इचार. पर ह्याला ऐकाया शिकीव देवा. म्हातारा व्हायच्या आत शिकीव, लई दिस न्हाय ऱ्हायलं."

मी मान खाली घालून ऐकत होतो. मिठाबद्दल माझी हरकत आहे. बाकी कशावर हरकत घ्यावी ते सापडेना. विनानाव, विनापरवानगी प्रार्थना चालत नाही हे मला ठाऊक होतं, पण नाव तर तिनं घेतलं होतं.

ती थांबली. क्षणभर कुणालाच सुधरेना, आमेन म्हणायचं की सेक्रेटरीकडं बघायचं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आमेन आला, मोठ्यानं, ठासून, घंटेच्या दोरीपाशी झोपलेलं कुत्रं उठून बसेल असा.

रिबेकाचा होता. मग मंडळीचा आला. माझा सगळ्यांच्या शेवटी.